उधईच्या घरचे टेकोडे

रेडिओवर बोलणाऱ्याची एक अडचण असते. वस्तू समोर धरून दाखवता येत नाही. म्हणून आधी ओळख सांगतो. आषाढ-श्रावणात दोन-चार दिवस झड लागून गेली आणि मग उघाड पडली, की वारुळाच्या अंगाखांद्यावर किंवा त्याच्या आसपासच्या जमिनीतून पांढुरक्या छत्र्या वर येतात. छत्रीच्या मधोमध एक कडक, मातकट टोक असतं, कारण जमीन त्यालाच फोडायची असते. वर दांडा बोटभर दिसतो. पण हलक्या हातानं उकरत गेलं तर तो मुळासारखा खाली खाली जातच राहतो, कधी वीतभर, कधी हातभर. आमच्या वडनेरकडे याला टेकोडे म्हणतात. भंडारा-गडचिरोलीकडे सात्या, कोकणात अळंबी, गोव्यात रोयण अळमी. तिकडे रोयण म्हणजेच वारूळ. रोजे हैम या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९४२ मध्ये या गटाला टर्मिटोमायसिस असं नाव दिलं. त्याचा सरळ अर्थ वाळवीची बुरशी. वाळवीला आम्ही उधई म्हणतो, म्हणून मी पुढे उधईच म्हणेन.

वडनेर हे हिंगणघाट तालुक्यातलं, नागपूरहून हैदराबादला जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. काळी जमीन, कापूस, तूर आणि आता सोयाबीन. तुम्ही म्हणाल, हे काही जंगलाचं गाव नव्हे, इथे रानातल्या बुरशीची गोष्ट कशाला? पण आमचं रान म्हणजे नुसतं सागाचं जंगल नव्हतं. धुऱ्यावरच्या बाभळी-बोरी, नाल्याकाठचा मुरमाड पडीक तुकडा, गुरं चारायची ई-क्लासची जमीन, हेही रानच होतं. टेकोडे तिथे यायचे. जंगलातून हे रान असं आमच्या वावरापर्यंत पसरत आलेलं होतं, आणि मागे सरलं तेही आधी आमच्याच वावरातून.

आमच्या वावराच्या उत्तरेच्या धुऱ्यावर एक मोठं वारूळ होतं. माझ्या लहानपणी आजी झड उघडली की पहाटेच टोपलं घेऊन तिकडे जायची. उशीर झाला तर दुसरं कोणी नेईल ही तिला धास्ती. आजीनं काही टेकोडे निसर्गासाठी मागे ठेवले असं मी सांगितलं असतं तर गोष्ट सुंदर झाली असती. पण तसं नव्हतं. ती सगळे काढायची, न फुटलेल्या कळ्यासुद्धा, कारण कळीची भाजी जास्त चवदार. फक्त नागपंचमीला तिथे हात लावायचा नाही. त्या दिवशी वारूळ पुजायचं, जमीन उकरायची नाही, नांगर धरायचा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा टोपलं. आणि तरीही टेकोडे दरवर्षी, त्याच जागी, जवळपास त्याच पंधरवड्यात येत राहिले.

ते थांबले माझ्या हातानं. शेती माझ्याकडे आली तेव्हा मी दोन पुस्तकं वाचलेला तरुण होतो. एका शेतकी पुस्तिकेत लिहिलं होतं की वारुळं खणून राणीचा नाश करावा आणि आत कीडनाशक टाकावं. सब्बल घेऊन मी एक दिवसभर ते वारूळ फोडलं आणि बीएचसीची पांढरी पावडर ओतली. ही पावडर त्या काळी खेड्यापाड्यांत पोत्यानं मिळायची. १९९७ मध्ये देशात तिच्यावर बंदी आली. राणी सापडली, बोटाएवढी, पांढरी, फुगलेली. तिच्या आजूबाजूच्या पोकळ्यांतून राखाडी-तपकिरी, मेंदूसारख्या वळ्यावळ्यांचे, हाताला ओलसर लागणारे स्पंजाचे गोळे निघाले. त्यांच्यावर साबुदाण्याहून बारीक पांढरे दाणे होते. मी ते घाण समजून बांधाखाली फेकून दिले. पुढच्या आषाढात त्या धुऱ्यावर टेकोडे आले नाहीत. त्यानंतर कधीच आले नाहीत. मी काय फेकलं होतं, ते कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

ते उधईचं शेत होतं. आपण म्हणतो उधई लाकूड खाते, आणि ते खरंही आहे. पण लाकडातला कठीण भाग या जातीच्या उधईला एकटीनं पचत नाही. ती वाळकी काडी, पऱ्हाटीचे बुंधे, शेण, पाचोळा असं काय काय गिळून आणते आणि अर्धवट पचलेलं ते विष्ठेवाटे बाहेर टाकून त्याचे हे गोळे रचते. गिळताना बुरशीची बीजंही पोटातून जातात, म्हणजे पेरणी आपोआप होते. मग बुरशी त्या गोळ्यात पसरते, काडीतला कठीण भाग मोडते, आणि वर ते पांढरे दाणे धरते. हे दाणे म्हणजे पीक. उधई ते खाते आणि मुरलेला जुना गोळाही खाते. वरून नवा थर, खालून खाणं, असं चक्र चालू राहतं. वारुळात बाराही महिने दमट ऊब राखली जाते ती काही नुसती स्वतःच्या सुखासाठी नाही, या शेतासाठी आहे. माणसानं शेती सुरू केली त्याला दहा-बारा हजार वर्षं झाली असं धरतात. उधईची ही शेती आफ्रिकेत साधारण तीन कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली असं शास्त्रज्ञांचं अनुमान आहे. वारुळातल्या या शेताचं वर्णन योहान कोनिग या निसर्गअभ्यासकानं १७७९ मध्ये केलं, तेही आपल्या दक्षिण भारतातल्या उधईवरून.

शेत म्हटलं की तण आलंच. वारुळात झायलेरिया जातीची एक बुरशी दडून असते. उधईचं लक्ष असेपर्यंत ती डोकं वर काढत नाही. गोळा वारुळातून काढून घरी काचेच्या बरणीत ठेवला तर काही दिवसांतच ही बुरशी सगळा गोळा झाकून टाकते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेने बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की उधई तण आणि पीक यांचा फरक वासावरून ओळखते, आणि तणाला मातीखाली पुरते. आमच्याकडे निंदणाला बाया मिळत नाहीत म्हणून शेतकरी मेटाकुटीला आलेला आहे. उधईच्या घरी मजुरांचा तुटवडा नाही.

आता टेकोडा कुठे येतो यात? टेकोडा म्हणजे या बुरशीचं फळ. आंब्याचं झाड वेगळं आणि आंबा वेगळा, तसं बुरशीचं अंग जमिनीखाली, गोळ्यात; आपण खातो ते तिचं फळ, आणि त्या छत्रीखालच्या पातळ पापुद्र्यांत तिची बीजं. छत्री पूर्ण उघडली की लाखो बीजं वाऱ्यावर जातात. ती कोणासाठी?

मृगाचा पहिला पाऊस पडला की दिव्याभोवती पंखवाल्या उधईची झुंबड उडते, ती तुम्ही पाहिली असेल. ती लग्नाची वरात असते. नर-मादी पंख टाकतात, जोडीनं जमीन उकरून आत जातात आणि नवा संसार मांडतात. यातली मेख अशी की उधईच्या बहुतेक शेतकरी जातींत नवी राणी माहेराहून बियाणं आणत नाही. मायक्रोटर्मिस नावाच्या एका गटातली मादी ते पोटात घेऊन निघते, पण मोठी वारुळं बांधणाऱ्या बहुतेक जाती रिकाम्या हातानं येतात. काही आठवड्यांनी पहिले कामकरी जन्मतात, बाहेर पडतात, आणि काडीकचऱ्याबरोबर कुठल्या तरी जुन्या वारुळावरच्या टेकोड्याची उडालेली बीजं घेऊन परत येतात. तेव्हा कुठे नव्या घरात शेत उभं राहतं. बीज मिळालं नाही तर घर उपाशी मरतं. आफ्रिकेत झालेल्या अभ्यासात असं दिसलं की छत्र्या उगवण्याची वेळ आणि नव्या कामकऱ्यांची बाहेर पडण्याची वेळ जुळलेली असते. आमच्याकडेही वरात मृगात आणि टेकोडे आषाढ-श्रावणात, हा हिशेब मला आता निराळाच वाटतो.

म्हणजे टेकोड्याला वारूळ हवं, आणि नव्या वारुळाला टेकोडा हवा. दोन्हीकडून एकदम कमी होत गेलं तर एका मर्यादेनंतर दोघांचीही पंचाईत.

मग आजी सगळे टेकोडे काढायची तरी ते कसे टिकले? मला वाटतं, उत्तर आजीच्या टोपल्यात नाही, टोपल्याबाहेर आहे. आमच्या धुऱ्यावरच्या वारुळाचे सगळे गेले तरी ई-क्लासमध्ये, नाल्याकाठी पंधरा-वीस वारुळं होती. सगळीकडे कोणी पोचत नव्हतं. कुठे ना कुठे छत्र्या पूर्ण उघडून, वाळून, किडून जात होत्या. तोडणीनं बुरशी संपते का, यावर स्वित्झर्लंडमध्ये १९७५ ते २००३ असा दीर्घ अभ्यास झाला. त्यांच्या जंगलात छत्र्या तोडलेल्या आणि न तोडलेल्या तुकड्यांत पुढच्या उत्पन्नात फरक पडला नाही. मात्र जमीन पायांनी तुडवली गेली तिथे छत्र्या कमी झाल्या. हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे खरा, पण तो झाडांच्या मुळांबरोबर किंवा पाचोळ्यात राहणाऱ्या बुरशांचा आहे. त्यांना दर नव्या घरासाठी वाऱ्यावरच्या बीजाची अशी वाट पाहावी लागत नाही. टेकोड्याला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावणं मला धाडसाचं वाटतं. शिवाय आता माणसं मोटारसायकलनं येतात, वीस कोसांवरून येतात, आणि बाजारात कळीलाच भाव जास्त, कारण ती प्रवासात टिकते. टेकोडे किलोला शेकडो रुपयांनी जातात. पोट त्यावर असलेल्या बाईला मी काढू नकोस म्हणणार नाही. पण कळी काढणं म्हणजे बी धरायच्या आधी कणीस कापणं, हे तिलाही माहीत असावं.

आता कोणी म्हणेल, एवढी मागणी आहे तर लागवड करा. धिंगरी घरोघरी होते, बटन अळंबी कारखान्यात होते, मग टेकोडे का नाही? बुरशीचे धागे प्रयोगशाळेत वाढतात. फळ मात्र भरवशानं धरत नाही. तापमान, ओल, हवा यांची नक्कल करता येते. तण उपटणाऱ्या लाखो उधयांची करता येत नाही. त्यामुळे बाजारातला टेकोडा आजही रानातून आलेलाच असतो.

हा फरक किती महत्त्वाचा आहे ते सिसिलीतल्या एका छत्रीवरून दिसतं. इटलीच्या त्या बेटावर मादोनिए डोंगरात धिंगरीच्या नात्यातली एक पांढरी छत्री येते. लोक ती कोवळी असतानाच तोडत. वर्षाकाठी अडीचशेहूनही कमी छत्र्या पूर्ण वाढीला पोचत होत्या. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं २००६ मध्ये तिला अतिशय धोक्यातली म्हणून लाल यादीत घातलं. त्या यादीत आलेली ती पहिली छत्री. पण तिची लागवड जमते, म्हणजे रानातल्या छत्रीवरचा भार हलका करायला वाट आहे. टेकोड्याला ती वाट नाही.

लाल यादीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. वाघ, माळढोक, गिधाड यांची गणती सगळ्यांना माहीत असते. बुरशीकडे जगाचं लक्ष गेलं ते फार उशिरा. मार्च २०२५ पर्यंत या यादीसाठी जेमतेम १,३०० बुरशांची तपासणी झाली होती आणि त्यातल्या किमान ४११ धोक्यात निघाल्या. शेती आणि वस्ती वाढल्यामुळे २७९, जंगलतोडीमुळे १९८, खतं आणि प्रदूषणातून येणाऱ्या नत्रामुळे ९१. एकाच जातीला दोन-दोन धोके असतात, त्यामुळे बेरीज जुळवू नका. आणि हे १,३०० कशातले? नावं दिलेल्या बुरशाच दीड लाखावर आहेत, आणि एकूण पंचवीस लाख असाव्यात असा २०२३ मधला अंदाज आहे. टेकोड्याला मोजायला आणखी कठीण, कारण तो वर्षातले आठ-दहा दिवसच दिसतो. मोजायची ती वारुळंच मोजावी लागतील.

कायद्यात तर बुरशीला बसायला पाटच नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात वनस्पतींची यादी घातली गेली तेव्हा तिच्यात सहा नावं होती, सगळी झाडा-वेलींची. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या आहे. मध, मेण, लाख, कोसा, तेंदूपत्ता, बांबू, कंदमुळं. सगळं ‘वनस्पतीपासून मिळणारं’ या शब्दांखाली. बुरशी वनस्पती नाही हे आता शाळेतलं पोरही सांगतं. उद्या कोणा काटेकोर कारकुनानं अळंबी या व्याख्येत बसत नाही म्हटलं तर त्याला उत्तर काय द्यायचं? मला हा नुसता शब्दांचा खेळ वाटत नाही. ज्याला खात्यात नाव नाही, त्याचा तोटा खात्यावर दिसत नाही.

गोव्यात या बाबतीत आपल्यापेक्षा जास्त बोललं गेलं आहे. गोवा विद्यापीठात शिकवलेले बुरशीतज्ज्ञ नंदकुमार कामत यांनी रोयण अळमींचा अभ्यास केला आणि त्या राखण्याविषयी वर्षानुवर्षं लिहिलं. अभयारण्यांतून अळमी काढण्याविरुद्ध तिथल्या वनखात्यानं पावसाळ्यात इशारेही दिले आहेत. बंदी राबवणं किती जमतं हा भाग निराळा. पण तिथे अळमी हा निदान चर्चेचा विषय आहे.

मला आमच्या बाजूचं, चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगावचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. गोंडपिपरी तालुक्यातल्या या गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. तेंदूपत्त्यात पैसा होता. पण त्यासाठी झाडं छाटावी लागतात, आगी लावल्या जातात, म्हणून गावानं तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं आणि जंगलाचा काही भाग देवराई म्हणून राखला. बांबूवर गाव चालवलं. टेकोड्याचा त्यात उल्लेख नसेल, पण काय काढायचं आणि काय सोडायचं हे गावानं बसून ठरवलं. आमच्या भागात असं जंगल नाही, पण ई-क्लास आहे, आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला लोक जैवविविधता नोंदवही करायला सांगितली आहे. माधव गाडगीळ यांनी या नोंदवहीचा आग्रह धरला तो गावच्या लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहावं म्हणून. पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि पुष्कळ ठिकाणी वह्या घाईघाईनं भरल्या गेल्या. वही आहे, तर तिच्यात वारुळांचं एक पान घालायला कोणाची परवानगी लागत नाही: कुठल्या धुऱ्यावर किती, जिवंत किती, टेकोडे कोणत्या तिथीला आले.

जाता जाता एक सावधगिरी. हे ऐकून कोणी टोपलं घेऊन निघू नका. चांदीचं नाणं काळं पडलं तर विषारी, लसूण काळा पडला तर विषारी, या परीक्षा खोट्या आहेत. पावसाळ्यात हिरवळीवर, उकिरड्याजवळ मोठी पांढरी, खवल्याखवल्यांची एक छत्री उगवते. तिच्या खालचे पापुद्रे पुढे हिरवट होतात. ती खाऊन दरवर्षी लोक उलट्या-हगवणीनं दवाखाना गाठतात. जाणत्या माणसानं दाखवल्याशिवाय खाऊ नये.

आता शेती पुतण्या करतो. दक्षिणेच्या धुऱ्यावर, एका जुन्या बाभळीखाली, एक वारूळ उरलं आहे. मध्यंतरी धुरे सपाट करायची लाट आली, शेजाऱ्यांचे धुरे दोन हातांवरून अर्ध्या हातावर आले, नागपूर-हैदराबाद रस्ता चौपदरी झाला, त्यात कडेची झाडं गेली. हे वारूळ बाभळीच्या आडोशानं वाचलं. गेल्या उन्हाळ्यात पुतण्यानं जेसीबी बोलावला तेव्हा मी आडवा झालो.

“काका, उधई तुरीले लागते, मंग तुमचे टेकोडे काय कामाचे?” तो म्हणाला. त्याचं चूक नाही. उधई तुरीला लागते, भुईमुगाला लागते, मी नाही म्हणालो तर ते खोटं ठरेल. मी त्याला एवढंच सांगितलं की ती वाळकं आधी खाते. कच्चं शेणखत टाकलं की उधई हमखास चढते, पुरतं कुजलेलं टाक. पऱ्हाटीचे बुंधे वावरात पडू देऊ नकोस, काही धुऱ्यावर रचून ठेव, तिला तिथेच खाऊ दे. झाडाला लागलीच तर त्या झाडापाशी औषध कर, वारुळात ओतू नकोस. आणि मी पूर्वी काय केलं तेही सांगितलं. आजीला त्यानं पाहिलेलं नाही, पण त्या टोपल्याची गोष्ट त्याला माहीत होती.

जेसीबी परत गेला. यंदा श्रावणात त्या बाभळीखाली तेवीस टेकोडे आले. चौदा आम्ही आणले, फुटलेलेच. बाकीचे दोन दिवसांत काळे पडून लोळले, तेव्हा सूनबाई हळहळली, कारण ते बाजारभावानं सहज दीड-दोनशेचे होते. पुतण्यानं मला तूर फुलावर येईपर्यंत मुदत दिली आहे. एकही झाड सुकलेलं दिसलं, तर पुढचं तो ठरवणार. मी रोज संध्याकाळी त्या बाजूच्या ओळी पाहून येतो.